एका रजेला दोन ठिपके

मुळीक भाऊसाहेबांना मुलीच्या लग्नातून तीन गोष्टी मिळायच्या होत्या: महसूल खात्यातला जावई, चार लोकांत मान, आणि फोटोवाल्या इकबाल तांबोळीच्या काचेत एक फोटो. पहिल्या दोन पदरात पडल्यातच जमा होत्या. तिसरीसाठी अख्खं ऑफिस कामाला लागलं. मला त्या लग्नातून काही मिळायचं नव्हतं. मला माझ्या सतरा दिवसांच्या रजेवर मंजुरी हवी होती, आणि ती मुळीकांच्या खणात होती.

ऑफिस पाटबंधाऱ्याचं, गाव तालुक्याचं. नाव सांगत नाही. त्यातली निम्मी माणसं अजून बाजारात भेटतात. मुळीक हेडक्लार्क. मी आस्थापनेवर, म्हणजे कुणाच्या रजा, कुणाच्या बदल्या, त्यांचे कागद माझ्याकडे. सही साहेबांची चालायची. पण साहेब कालव्यावर फिरतीला असत, आणि आल्यावर मुळीक जे लिहून ठेवतील त्याखाली उभ्याउभ्या सही करत. तेव्हा रजा देणारे मुळीकच. आणि मुळीक रजा देत नसत. स्वतः एकतीस वर्षांत त्यांनी एक दिवस घेतली नव्हती. त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईचा एक शेरा नव्हता, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्याच चहाला सांगत.

आदल्या श्रावणात माझी आई मिरजेला दवाखान्यात होती. मी तार केली, अर्ज मागाहून टपालाने पाठवला. अठराव्या दिवशी परत आले तेव्हा अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात लाल शाईत, किरट्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पूर्वपरवानगी नाही. सेवेत खंड.’

“भाऊसाहेब, खंड पडला तर माझी सात वर्षं गेली की हो. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं?”

“नियमाचं तसंच आहे, पिसाळ बाई.”

“आई बेशुद्ध होती.”

“ते अर्जात लिहिलंय तुम्ही. वाचलं मी.”

“मग तेवढं खोडा.”

“मी लिहिलेलं खोडत नाही,” ते म्हणाले आणि अर्ज खणात टाकला. मार्चअखेरच्या आत तो साहेबांपुढे सहीला जायचा होता. तिथून सेवापुस्तकात. मग संपलं.

पौष लागला. पौषात लग्नं नसतात, म्हणून इकबालभाई मोकळे होते. त्यांचा स्टुडिओ एसटी स्टँडसमोर. दरवर्षी हंगामातला सगळ्यात चांगला फोटो ते मोठा करून दर्शनी काचेत लावत, आणि गाडीची वाट बघणारा सगळा तालुका वर्षभर तो बघत बसे. त्या साली तिथे तहसीलदारांची मेहुणी होती. मुळीक रोज सकाळी तिच्यासमोरून ऑफिसला येत.

“काचेत जायचं म्हणजे साधा फोटो न्हाई चालायचा,” इकबालभाई मुळीकांच्या टेबलासमोर बसून सांगत होते. शेजारी रत्ना उभी होती, नवरीमुलगी. बापाचा डबा घेऊन आलेली. “हार घातला, मान खाली घातली, असलं माझ्याकडं पोतंभर पडलंय. वरनं कायतरी पडाय पायजे. हवेत तरंगाय पायजे. आन् पोरीनं वर बघून हसाय पायजे.”

“अक्षता पडतात की,” मुळीक म्हणाले.

“अक्षता दिसत न्हाईत, साहेब. दिसतं काय, तर अक्षता लागंल म्हणून डोळं मिटल्यालं नवरा-नवरी.”

“आमच्या घरातल्या एकाही फोटोत कुणी हसलेलं नाही,” रत्ना माझ्याकडे बघून म्हणाली. “बाबा तर हजेरी घेतल्यासारखे उभे असतात.”

“फोटो हा पुरावा असतो,” मुळीक म्हणाले. “पुराव्यात कसलं हसायचं?”

तरी पण काचेतल्या मेहुणीने त्यांना पुरतं पछाडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या व्हरांड्यात चाचण्या सुरू झाल्या. रत्ना खाली उभी, आमचा शिपाई बजरंग स्टुलावर, इकबालभाई कॅमेरा डोळ्याला लावून. पहिल्या दिवशी झेंडूच्या पाकळ्या. त्या तरंगल्या नाहीत, सरळ खाली आल्या.

“भजी सोडल्यागत दिसतंय,” इकबालभाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुलाबाच्या. त्या बऱ्या होत्या, पण फोटोत रत्नाच्या गालावर डाग पडल्यासारखे दिसले, आणि मुळीक म्हणाले की सासरच्यांनी फोटो बघून डॉक्टरला विचारलं तर? तिसऱ्या दिवशी पुण्याहून मागवलेली चमकी. ती तरंगली छान. पण फ्लॅश तिच्यावर पडून उलटा आला आणि फोटोत नवरीच्या जागी नुसता लखलखाट. शिवाय मंगल कार्यालयाच्या मालकाने निरोप पाठवला की चमकी आणाल तर हॉल मिळणार नाही. गेल्या वर्षी ती एका व्याह्याच्या बासुंदीत निघाली होती.

मुळीकांनी कागदावर तिन्ही नावं लिहून त्यावर रेघा मारल्या. आणि त्याच वेळी बजरंगने पंचिंग मशीनचा खालचा कप्पा उघडून केराच्या टोपलीवर झटकला. पंखा पाचवर होता.

ठिपके उडाले. पांढरे, थोडे पिवळे, एक-दोन हिरवे. कागदाला भोक पाडल्यावर पडतात ते. टोपलीत एकही गेला नाही. ते मुळीकांच्या टेबलावरून, माझ्या डोक्यावरून फिरत राहिले, खाली यायचं नावच घेईनात. रत्नाने वर बघितलं आणि ती हसली.

“ह्येच!” इकबालभाई ओरडले. “भाऊसाहेब, ह्येच! हलू नका कुणी!”

त्यांच्या कॅमेऱ्यातला रोल संपला होता, पण ठरलं ते तिथेच. अर्ध्या किलोच्या बरणीभर ठिपके.

पण मुळीक ते मुळीक. चार वाजेपर्यंत ते कार्यपद्धतीच्या पुस्तकात बघत होते. मग मला बोलावलं.

“सरकारी कागद बाहेर नेता येत नाही, हे खरं. पण भोकातून पडलेला ठिपका हा कागद आहे का, याबद्दल पुस्तक काही बोलत नाही. म्हणजे तो कचरा. मात्र, बाई, ठिपक्यासाठी म्हणून भोक पाडायचं नाही. कागद फाइलला लागत असेल तरच पाडायचं.”

आणि मग त्या ऑफिसात जे कधी झालं नव्हतं ते झालं. अकरा वर्षांचे कागद दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यांत कपाटांत आणि कपाटांवर पडले होते. ते खाली आले. झटकले गेले, तारखेवार लागले, प्रत्येकाला दोन भोकं पडली आणि प्रत्येक आपापल्या फाइलला गेला. पांढरे ठिपके आलेल्या पत्रांचे, पिवळे आम्ही ठेवलेल्या प्रतींचे, हिरवे टिपणीच्या कागदांचे. बजरंग संध्याकाळी मशीन रिकामं करून बरणीला कागदाची पट्टी लावून बघायचा, किती चढलं ते. एक मुकादम अकरा वर्षं आपली बढतीची ऑर्डर शोधत होता, ती मिळाली. साहेब कालव्यावरून आले आणि कपाटांची दारं लागतात हे बघून दचकले.

तिसऱ्या आठवड्यात इकबालभाई बरणी उजेडात धरून म्हणाले, “गुलाबी न्हाई यात.”

“हिरवे, पिवळे आहेत की.”

“हिरवं-पिवळं लांबनं ठीक. तोंडाजवळ गुलाबी लागतं, साहेब. चमचाभर तरी. तहसीलदारांच्या मेहुणीला न्हवतं, आता बोलायला हरकत न्हाई.”

मुळीकांनी माझ्या टेबलाकडे बघितलं. का बघितलं ते मला कळलं, कारण गुलाबी कागदाचा हिशेब माझ्याकडे होता. आमच्याकडे गुलाबी कागद एकच: रजेचा अर्ज. छापखान्याने कधी तरी चुकून गुलाबी कागद लावला होता आणि पुढे तोच नमुना झाला. नामंजूर झालेला अर्ज ज्याचा त्याला परत जात असे. फाइलला लागे तो फक्त मंजूर झालेला. आणि मंजूर झालेले अर्ज आमच्या फाइलला किती? एकतीस वर्षांत दोन बोटं जाड.

“भाऊसाहेब,” मी म्हणाले, “एका रजेला दोन ठिपके.”

“मला मोजता येतं, बाई.”

“सांगून ठेवलं.”

दुसऱ्या दिवशी बजरंगने गावच्या जत्रेसाठी दोन दिवस मागितले. गेल्या नऊ जत्रांना त्याने मागितले होते आणि नऊ वेळा नाही ऐकलं होतं. मुळीकांनी अर्ज वाचला, बरणीकडे बघितलं, आणि लिहिलं: ‘शिफारस.’

बातमी कालव्यापर्यंत पोचायला एक दिवस लागला. मग अर्ज आले. पाटकरी आले, मिस्त्री आले, चौकीदार आले. कुणाला बहिणीकडे जायचं होतं, कुणाला म्हैस दाखवायची होती. एका पाटकऱ्याने कारण लिहिलं, ‘घरी बसणे.’ मुळीकांचा पेन त्या शब्दावर जरा थांबला.

“काय रे, घरी बसायला रजा?”

“इतकी वर्सं बसलोच न्हाई, भाऊसाहेब. कसं वाटतंय ते बघावं म्हटलं.”

“एकेक दिवसाचे तीन अर्ज कर,” मुळीक म्हणाले. “सलग नको.”

मी त्या दिवसांत पानावर दोन रकाने आखले होते: दिवस किती गेले, ठिपके किती आले. मुळीकांच्या आयुष्यात इतक्या उधळपट्टीचा महिना आला नव्हता. लग्नाच्या आठवड्यात गुलाबी पाऊण चमचा भरला.

“माझाही एक गुलाबी कागद आहे तुमच्या खणात,” मी एकदा म्हणून बघितलं.

“त्याचा निकाल लागलेला आहे.”

“नामंजूर असेल तर मला परत द्या. मंजूर असेल तर फाइलला लावा. खणात ठेवलेल्याचे ठिपके पडत नाहीत.”

“बाई,” ते म्हणाले, “ठिपक्यांसाठी मी नियम वाकवला असं लोक म्हणतील.”

सबंध ऑफिस सुट्टीवर असताना हे ते मला सांगत होते. मी हसले नाही. मला हसणं परवडण्यासारखं नव्हतं.

लग्न शनिवारी होतं. गुरुवारी दुपारी चार वाजता मुळीक माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात गुलाबी कागद.

“हे कसं भरायचं?”

आधी मला प्रश्नच कळला नाही. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो अर्ज तपासले होते. भरला एकही नव्हता. त्यांनी ‘रजेचा प्रकार’ इथे स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि ‘रजेच्या काळातला पत्ता’ इथे ऑफिसचा पत्ता. पहिले दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर मी बोट ठेवत गेले आणि ते लिहीत गेले. कारण: मुलीचे लग्न. दिवस: चार. खाली सही केली, तारीख घातली, आणि मग त्यांचा हात तसाच राहिला.

मीही ती तारीख बघितली होती. अशी रजा सात दिवस आधी मागायची असते. हा नियम त्या ऑफिसात एकाच माणसाने पाळायला लावला होता, आणि तो मोजून दोन दिवस आधी आला होता. रजेच्या अर्जावर पहिला शेरा आस्थापनेचा, म्हणजे माझा.

त्यांचा लाल पेन कागदाबरोबर माझ्या टेबलावर आला होता. मी तो उचलला. टोपण काढलं.  मुळीकांनी घशाशी हात नेऊन शर्टाचं वरचं बटण लावलं, ते आधीच लावलेलं होतं.

खोटं कशाला सांगू, दयामाया वगैरे माझ्या मनात नव्हती. मी हिशेब केला. लिहिलं तर दोन मिनिटांचं सुख आणि माझा अर्ज कायमचा गेला. नाही लिहिलं तर निदान तो खणात तरी राहील. मी टोपण परत लावलं, पेन त्यांच्या बाजूला सरकवला आणि निळ्या शाईत लिहिलं: ‘रजा शिल्लक आहे. मंजुरीस हरकत नाही.’

“तारीख बघितली नाही तुम्ही,” ते म्हणाले.

“चष्मा घरी राहिलाय.”

मला चष्मा नव्हता. हे त्यांना माहीत होतं.

शनिवारी मुहूर्त बारा सदतीसचा. कार्यालयाच्या माडीवर बजरंग सूप घेऊन बसला होता, सुपात ती बरणी. त्याला ताकीद होती की मंगलाष्टकं संपेपर्यंत हलायचं नाही. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट निघाला, वाजंत्री सुरू झाली, अक्षतांचा मारा झाला, नवरा-नवरीने ठरल्याप्रमाणे डोळे मिटले. मग बजरंगने सूप पाखडलं.

आमची अकरा वर्षं खाली आली. सगळे पंखे सुरू होते. आलेली पत्रं, ठेवलेल्या प्रती, टिपण्या, पाटकऱ्याचं घरी बसणं. लोकांनी वर बघितलं. एक म्हातारे गृहस्थ तळहात पुढे करून उभे राहिले. रत्ना वर बघून हसली, आणि तिच्या मागे, अगदी चौकटीत, मुळीक भाऊसाहेब हसले. तोंड उघडं टाकून. वरचे दोन दात नाहीत हे ऑफिसला त्या दिवशी कळलं. इकबालभाईंचा फ्लॅश तीनदा उडाला.

सोमवारी मुळीक रजेवर होते. साहेबांच्या सहीचा गठ्ठा माझ्याकडे आला, त्यात तिसरा कागद माझा होता. सतरा दिवस, अर्जित रजा, मंजूर. खाली साहेबांची सही, हिरव्या शाईत.

मी कोपरा बघितला. लाल शेरा नव्हता. त्या जागी पाच भोकं होती, एकाला एक लागून, मशीन तिरकं धरून पाडलेली.

मी बजरंगकडे बघितलं. तो सुपाला चिकटलेले ठिपके काढत होता. मला वाटलं, चमचा भरावा म्हणून ह्याने भाऊसाहेबांच्या खणात हात घातला आणि दिसेल तिथे मशीन दाबलं. विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं आणि मला ऐकावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. महिनाभर मी त्याला डब्यातली शेंगदाण्याची चटणी देत राहिले. तो काही न बोलता खात राहिला.

मार्चमध्ये तपासणी आली. तपासणी अधिकारी तरुण होते. अकरा वर्षांच्या फाइली लागलेल्या बघून खूश झाले होते, पण रजेची फाइल उलटता उलटता थांबले.

“ह्या कागदाला सात भोकं?”

 मुळीक शेजारी उभे होते.

“दोन फाइलची,” ते म्हणाले.

“आणि पाच?”

“पिसाळ बाईंचा कागद आहे, साहेब. निसटू नये म्हणून.”

अधिकाऱ्यांनी कागद उजेडात धरला, पाचही भोकांतून मुळीकांकडे बघितलं. “इथे काही लिहिलेलं होतं?”

 मुळीक कधी खोटं बोलत नसत. “मशीन माझ्या टेबलावर असतं,” ते म्हणाले. “भोकाची जबाबदारी माझी.”

आठ दिवसांनी हुकूम आला. हेडक्लार्क मुळीक यांनी अभिलेख निष्काळजीपणे हाताळला, सबब त्यांना ताकीद देण्यात येत आहे. नोंद सेवापुस्तकात घ्यावी. नोंद घेणारी मी. त्यांनी स्वतःचा लाल पेन माझ्यापुढे ठेवला.

“बजरंगसाठी कशाला अंगावर घेतलंत?” मी विचारलं.

“बजरंगचा काय संबंध?” म्हणाले, आणि चहा प्यायला गेले.

मला त्याचा अर्थ कळायला दोन वर्षं लागली. माझी बढती झाली, फोटो लागणार होता, म्हणून इकबालभाईंकडे गेले. रत्नाचा फोटो अजून काचेतच होता. त्याच्याहून चांगला काढलाच नाही म्हणाले. मी एरवी तो रस्त्यावरून बघायची, आज त्यांनी आत वळवून दाखवला आणि मी नाकाजवळून बघितला. माणसं जवळजवळ खऱ्याएवढी. रत्नाच्या कुंकवाशेजारी एक गुलाबी ठिपका चिकटला होता, आणि ठिपक्यावर लाल शाई होती. पुरतं अक्षर नव्हतं, एक वेलांटी आणि काना. किरट्या हातातला.

“हा कुठून आला?”

“पुडीतला,” इकबालभाई म्हणाले. “त्या दिवशी सकाळी मुळीकसाहेब पुडी घेऊन आलं. म्हणाले, ही सुपात न्हाई टाकायची, पोरीच्या डोक्यावर तू हातानं टाक. उघडून बघतो तर पाच ठिपकं! म्हटलं, साहेब, पाच ठिपक्यानं काय व्हनार? तर म्हणाले, होतंय तेवढ्यानं.”

बाहेर आले तर बजरंग स्टँडवर बसला होता. त्याला चटणीचं विचारलं.

“ती व्हय,” तो म्हणाला. “कशापायी देताय म्हणून लई वेळा विचारावं वाटलं. म्हटलं, विचारलं आन् बंद केली तर?”

त्याच वर्षी मुळीक निवृत्त झाले आणि त्यांच्या सेवापुस्तकाचा शेवटचा गोषवारा मीच काढला. बजरंगला जत्रेचे दोन दिवस आणि महिनाभर चटणी मिळाली होती, इकबालभाईंना काचेतला फोटो, रत्नाला हसरा बाप, पाटकऱ्याला घरी बसणं, मला सात वर्षं. मुळीकांच्या नावावर तेहतीस वर्षांत रजा चार दिवस, लाल शेरा एक.

मशीन आता माझ्या टेबलावर होतं. पण सेवापुस्तकाला पुठ्ठ्याची शिवण असते, पानं सुटी होत नाहीत, आणि मशीनचं तोंड त्या ओळीपर्यंत पोचत नाही. तिन्ही बाजूंनी लावून बघितलं मी.